घरबसल्या नामंजूर

"ही साडी बदल," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणतात. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुलाच म्हणतेय. एवढी चांगली साडी कशाला नेसून आलीस? पाहुणे गरिबांना भेटायला येताहेत. तू तर शाळेतली मास्तरीण दिसतेस."

हॉलमध्ये बसलेले सगळे हसले. मॅडम हसल्या म्हणून हसले. माझ्या शेजारची बाईही हसली आणि मग खाली मान घालून बसली.

सीमेवरच्या हिंदी राज्यातलं, बालाघाटातलं एक सरकारी ऑफिस. मॅडम तिथल्या मोठ्या अधिकारी. सकाळची वेळ. दुपारी दिल्लीहून पाहुणे येणार होते, त्यांच्यासोबत परदेशातली माणसं. कोणत्या देशाचं सरकार किती कामं मोबाइलवर, कम्प्युटरवर करून देतं, लोकांना ऑफिसात चकरा माराव्या लागतात की घरी बसून काम होतं, हे ते लोक देशोदेशी फिरून मोजतात. मग देशांची रांग लावतात. कोण पुढे, कोण मागे. आपला देश त्या रांगेत पुढे सरकतोय, असं मॅडमनी माईकवरून सांगितलं. "बालाघाट की वजह से देश का सिर नीचा नहीं होना चाहिए." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

सरकारचा लाभ ज्याला मिळाला त्याला इकडे हितग्राही म्हणतात. पाहुण्यांना दाखवायला जिल्हाभरातून हितग्राही बोलावले होते. कोणी लामत्याचा, कोणी बिरस्याचा. मी खैरलांजीकडची. मला काहीच मिळालेलं नव्हतं. तरी मी हितग्राही.

ऑफिसात झाडू मारणाऱ्या बाईला मॅडमनी हाक मारली. तिची एक जुनी साडी तिथल्या कपाटात असायची, पावसात भिजली तर बदलायला. ती काढायला लावली. तिला विचारलं नाही, देतेस का म्हणून. मला विचारलं नाही, नेसतेस का म्हणून. बाथरूमचं दार दाखवलं.

मी बदलली.

माझी साडी मी घडी करून पिशवीत ठेवली. सकाळी माझ्या लेकीने तिला इस्त्री करून दिली होती. "आई, आज फोटो निघन तुझा," म्हणाली होती. कारण आम्हाला दोघींना वाटत होतं की आज दाखला मिळणार. दाखला घ्यायला जायचं म्हणून ती साडी. पाहुण्यांसाठी नव्हे.

दाखल्याचं सांगते.

माझी मुलगी आठवी पास झाली. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंतच. बालाघाटात मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे तिचं नाव लागलं. पण जातीचा दाखला आणा, नाहीतर जागा दुसरीला जाईल, असं त्यांनी सांगितलं. मी खैरलांजीला जाऊन कियोस्कवर, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानात, अर्ज भरला. फोटो काढला, मशीनवर अंगठा लावला. आता घरी जा, सगळं मोबाइलवर येईल, असं तिथल्या पोराने सांगितलं. आलं. एका ओळीत आलं. नामंजूर.

कारण काय? माझ्या आजेसासऱ्यांचं नाव इकडच्या जुन्या रेकॉर्डमध्ये नाही. ते नदीपलीकडून, भंडाऱ्याकडून इकडे आले होते. ते आले तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य होतं. राज्यं नंतर वेगळी झाली. रेघ सरकारने ओढली, पण पुरावा आम्ही द्यायचा. तोही आजेसासऱ्यांचा, ज्यांना सही करता येत नव्हती आणि ज्यांच्या नावावर हातभर जमीन नव्हती. जमीनच नाही तर रेकॉर्डमध्ये नाव कुठून येणार?

आणि आमची जात कोणाला माहीत नाही? गावात मोठ्या घरी लग्न असलं की आमची पंगत शेवटी, गोठ्याच्या बाजूला. धानाच्या रोवणीला गेलं की बांधावर चहा येतो, आमचे कप वेगळे. तिथे कोणी म्हणत नाही की आधी आजेसासऱ्याचं रेकॉर्ड दाखवा, मग वेगळं बसवतो. शाळेत न जाणाऱ्या लेकराला आमची जात माहीत आहे. फक्त कम्प्युटरला माहीत नाही. अपमान करायचा तेव्हा आमची जात पक्की. हक्क द्यायचा तेव्हा शंका.

मी दहावी पास आहे. मी तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. तिकडच्या मुलीने सगळं लिहून घेतलं आणि एक गोष्ट नीट समजावून सांगितली. तक्रार बंद करायची असेल तेव्हा तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल. काम झालं असेल तरच तो सांगा. एकदा सांगितला की तक्रार बंद, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं.

तेव्हापासून ऑफिसातल्या बाबूचे फोन सुरू झाले. दाखला देतो असं तो कधी म्हणाला नाही. "शिकायत बंद करवा दो बाई, जिला लाल दिख रहा है," एवढंच. तक्रारी उघड्या राहिल्या की वरच्या यादीत जिल्ह्यापुढे लाल खूण येते. शेवटी एकदा गोड बोलला. बालाघाटला कार्यक्रम आहे, मॅडम स्वतः तुमचं काम करून देतील, मोबाइल चार्ज करून आणा. नवरा म्हणाला, "जाय. बोलावलं त काम होईनच." म्हणून मी गेले.

त्या उसन्या साडीत मी हॉलमध्ये परत येऊन बसले. मॅडमनी मला दोन वाक्यं दिली. "जाति प्रमाण पत्र घर बैठे मिल गया. मैं संतुष्ट हूं." म्हणून दाखव, म्हणाल्या.

मी म्हटलं, "पण मॅडम, मले त दाखला भेटलाच नाही."

"मले, तुले!" मॅडमनी माझा आवाज काढून दाखवला. पुन्हा सगळे हसले. "पाहुण्यांपुढे ही भाषा नको. हिंदीत बोल."

मग जवळ आल्या. आवाज खाली केला. "अगं, मिळेल नंतर. आज एवढं पार पडू दे. आपण मराठी माणसं. माझी लाज राखशील ना?"

आपण. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांचं घर बालाघाटातलं, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतलं. गणपतीला त्या मराठी, हळदीकुंकवाला मराठी. त्या हळदीकुंकवाला माझ्यासारखीला कधी बोलावणं आलं नाही. लाज राखायची वेळ आली तेव्हा मी त्यांची झाले.

लेकीची जागा डोळ्यांपुढे होती. दोन वाक्यं बोलून दाखला मिळत असेल तर बोलून टाकू, असं मनात ठरवलं.

दुपारी पाहुणे आले. पांढऱ्या केसांची एक गोरी बाई होती. ती इंग्रजीत विचारायची, दिल्लीचा एक तरुण ते हिंदीत सांगायचा. माझ्यासमोर येऊन बसले. मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या. सकाळी मराठीत तू होते, आता हिंदीत आप झाले.

"अर्जी भरने जिला ऑफिस आना पड़ा?"

"नहीं," मॅडम म्हणाल्या.

"पूरी जानकारी आपकी भाषा में मिली?"

"जी, बिल्कुल," मॅडम म्हणाल्या.

"जवाब घर पर मिला?"

"घर बैठे," मॅडम म्हणाल्या.

प्रत्येक उत्तराला गोरी बाई हातातल्या पाटीसारख्या टॅबवर बोट टेकवायची. मला आतून हसू यायला लागलं, रागाचं. यात खोटं काय होतं? अर्ज मी खैरलांजीतच भरला. उत्तर मोबाइलवरच आलं. नामंजूर मला खरंच घरबसल्या मिळालं. चकरा नाहीत, रांग नाही, साहेबाचं तोंड पाहायचं काम नाही. पूर्वी नाही म्हणायला निदान माणूस लागायचा. त्याच्या टेबलासमोर उभं राहून भांडता तरी यायचं. आता नाही म्हणणारा दिसतही नाही, आणि हेच जगात पुढे जाणं म्हणून मोजलं जात होतं. तुमच्या हातात काय आलं, हा एक प्रश्न त्यांच्या टॅबमध्ये नव्हता.

मग बाबू उठला. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. आमच्याकडे तक्रार सरकार बंद करत नाही, नागरिक स्वतः बंद करतो, असं त्याने पाहुण्यांना सांगितलं. आता प्रत्यक्ष पाहा. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर माझं नाव आलं. माझ्या नवऱ्याचं नाव. गावाचं नाव. खाली लिहिलं होतं, प्रमाण पत्र प्रदान किया गया. आवेदिका पूर्णतः संतुष्ट.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला दोन वाक्यं बोलायची होती, एवढंच सांगितलं होतं. तोंडाने बोललेलं हवेत गेलं असतं. हे लिहिलेलं होतं. सगळ्या पाहुण्यांपुढे, हाताएवढ्या अक्षरांत, माझ्या लेकीला दाखला मिळालेला होता. आता मागायला जागाच उरणार नव्हती.

माझ्या मोबाइलवर टुंग वाजलं. ओटीपी.

"हां, बताइए," बाबू म्हणाला.

मी मोबाइल हातात धरला. आकडे दिसत होते. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. आणि तेव्हा मला कळलं की यांच्याकडे सगळं आहे, पडदा आहे, माईक आहे, दिल्ली आहे. पण हे आकडे फक्त माझ्याकडे आहेत. अख्ख्या कारभारात हीच एक गोष्ट होती जी त्यांना माझ्याकडे मागावी लागत होती.

"सांग ना," मॅडम मराठीत पुटपुटल्या. खांद्यावरचा हात जड झाला.

मी मोबाइल मुठीत घट्ट धरला.

दिल्लीच्या तरुणाने विचारलं, "क्या हुआ?"

मॅडम हसून म्हणाल्या, "इनको पढ़ना नहीं आता. लाओ, मैं देख देती हूं." आणि त्यांनी माझ्या मोबाइलला हात घातला.

मी हात मागे ओढला. उभी राहिले. खुर्ची पडली.

"मले वाचता येते," मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला. "म्हणूनच नाही सांगत. तिथं लिहून हाय दाखला देल्ला म्हणून. कोणाले देल्ला? माह्या पोरीले त नाही भेटला. पहिले दाखला द्या. मंग ओटीपी."

"नीचे बैठो," बाबू ओरडला.

"नाही बसत."

मग हिंदीतही सांगितलं, कारण त्या तरुणाला कळायला हवं होतं. "प्रमाण पत्र नहीं मिला. मैं संतुष्ट नहीं हूं."

पडद्यावर ओटीपीच्या मुदतीचे उलटे आकडे सुरू होते, ते संपले. समय समाप्त, असं आलं. मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, नेटवर्कची अडचण आहे, या भागात जंगल फार. तरुणाने गोऱ्या बाईला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. किती सांगितलं, काय गाळलं, मला माहीत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग सगळे पुढच्या टेबलाकडे गेले. तिने टॅबमध्ये काय टेकवलं तेही माहीत नाही. मी तिच्या भरवशावर नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी मला गाठलं. "तुमच्यासारख्यांसाठी काही करूच नये. आता बघतेच तुझा दाखला कसा निघतो."

"पाहा जी," मी म्हटलं. "मी बी पाहतो."

मी माझी साडी नेसले. झाडूवाल्या बाईला तिची परत दिली. तिने ती छातीशी धरली आणि हळूच म्हणाली, "मले बी नाही विचारलं वं त्यायनं."

दाखला निघाला नाही. वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलीला गेली. माझी लेक मला म्हणाली, "आई, बोल देती तो क्या बिगड़ता?" मी म्हटलं, "बोलली असती तरी दाखला नसता भेटला. वरून भेटला असं लिहून राह्यलं असतं." ती रडली. मीही रडले. आता ती बसने खैरलांजीला नववीत जाते. बस चुकली की त्या दिवशीची शाळा बुडते. तिने ज्या खोलीत राहून शिकायचं होतं तिथे दुसरी कोणी शिकते आहे, आणि हे मी कधी विसरणार नाही. मॅडमनाही विसरू देणार नाही.

बाबूचे फोन येतात. पटवारी, म्हणजे तलाठी, येऊन गेला, गावाची बदनामी होते म्हणाला. मी त्याला उभ्यानेच वाटेला लावलं. आमच्या वस्तीत ज्यांचे ज्यांचे अर्ज नामंजूर झाले त्यांच्या घरी मी गेले. कोणाचा घरकुलाचा, कोणाचा पेन्शनचा. फोन लावून दिले, तक्रारी लिहवून दिल्या. सगळ्यांना एकच सांगितलं. कागद हातात येईपर्यंत ओटीपी द्यायचा नाही. बाबू गोड बोलला तरी नाही. दम देल्ला तरी नाही. "आपण मराठी माणसं" म्हटलं तर मुळीच नाही.

काल तक्रारीच्या नंबरावरून पुन्हा फोन आला.

"क्या आप निराकरण से संतुष्ट हैं?"

"नाही."

"शिकायत बंद कर दें?"

"नाही."

देशांची रांग लावणाऱ्यांनी लावत बसावं. आमच्या जिवावर पुढे सरकायचं असेल तर आधी आमचं हातात द्या. दाखला माझ्या लेकीच्या हातात पडेपर्यंत ही तक्रार उघडी राहील. मी मेले तर ती चालवील. तिलाही वाचता येतं.