ग्रीस कुठून गळतंय

गाडी परत आली तेव्हा मी साडीवर खडे चिकटवत बसले होते. सुरतच्या लिंबायत भागातल्या आमच्या खोलीला लागूनच ह्यांचं गॅरेज आहे, मधे नुसता पडदा. त्यामुळे गिऱ्हाईक काय बोललं ते कान न देताही कळतं. साडीवाल्या शेठचा मुलगा त्याच्या लाल स्पोर्ट्स कारमधून उतरला आणि म्हणाला, "काका, नीचेथी फरी ग्रीस नीकळे छे." फरी, म्हणजे पुन्हा. त्या एका शब्दाने माझ्या हातातला खडा भलत्याच फुलावर चिकटला.

कारण ते काम ह्यांनीच केलं होतं, दसऱ्याच्या वेळी. चाक फिरवणारा जो दांडा असतो, त्याच्या सांध्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट असतो आणि त्यात ग्रीस भरलेलं असतं. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि वळताना गाडी कटकट करायला लागते. हे सगळं ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. इतरांचे नवरे सिनेमाला नेत.

पोरगा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मी पण दोन शब्द ऐकवले असते. तो चावी ठेवून रिक्षाने निघून गेला आणि हे स्टुलावर तसेच बसून राहिले, उजवा हात मांडीखाली दाबून.

त्या हाताचं सांगायला हवं. बऱ्याच दिवसांपासून तो थरथरत होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. ह्यांनी घरी येऊन जाहीर केलं की थकवा आहे. मग मीही त्या थकव्याला धरून वागायला लागले. चहाचा कप अर्धाच भरायचा, शर्टाची बटणं जाता जाता लावून टाकायची आणि त्याबद्दल दोघांनीही बोलायचं नाही. पाना हातात आला की हात शांत होतो, असं ते म्हणत. मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं.

"माझ्याच हाताने चिरला असेल बूट," ते म्हणाले. "पट्टी आवळताना पेचकस निसटला असेल. मला कळलंसुद्धा नाही." मी नाशिककडची, म्हणून माझ्याशी ते असं सरळ मराठीत बोलतात. अहिराणी त्यांच्या आईसाठी.

"अहो, आधी खोलून तर बघा."

"खोलतो. पण माझ्या हाताचं निघालं, तर उद्यापासून शटर पाडायचं. कोणाचा जीव नाही घ्यायचा मला."

मला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. घरात बसवलं तर हा माणूस आजाराने नाही, बसूनच संपेल. मी खड्यांची ताटली बाजूला सारली आणि पडद्यापलीकडे गेले.

गाडी जॅकने उचलून घोडीवर चढवली. नट इतके घट्ट होते की पान्यावर मीच उभी राहिले, हे खालून "आणखी जोर, आणखी" म्हणत होते. चाक निघालं. आतून सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं. सासूबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. हे खाली आडवे झाले, मी बॅटरी धरली आणि मनात एकच धोशा लावला: देवा, खिळा निघू दे, काच निघू दे, उंदराने कुरतडलेलं निघू दे, ह्यांचा हात तेवढा नको.

ह्यांनी मिलच्या चिंधीने बूट पुसला. एका घडीत चीर होती, सरळ, बारीक. ह्यांनी डोळे मिटले.

"पेचकसच," ते म्हणाले.

मला ते बघवेना, म्हणून मी बॅटरी आणखी जवळ नेली, नुसतं काहीतरी करायचं म्हणून. चिरेच्या तळाशी काहीतरी रुतलं होतं. रोज बारीक खडे उचलणाऱ्या बोटांना ते लगेच लागलं. ओढलं तर ग्रीसने माखलेला दोरा. ओढत गेले तसा येतच गेला आणि शेवटी टोकाला बांधलेला बिब्बा बाहेर आला.

मी मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मेथीची काडी तशीच हातात धरली होती.

दसऱ्याला आमच्या दारात जी गाडी असेल तिला त्या काळा दोरा आणि बिब्बा बांधतात. गिऱ्हाइकाची असो की घरची. खानदेशातून येताना सोबत आणलेली ही रीत त्यांनी सुरतेत एकदाही चुकवली नाही. त्या शेठच्या पोराने मात्र पुढे बांधलेला दोरा हसत हसत सोडून त्यांच्या हातात दिला होता, "बा, लूक बगडे छे," म्हणजे आजी, गाडीचं रूप बिघडतं.

"म्हनीसन खाले बांधा," सासूबाई म्हणाल्या. "तठे कोनले दिसत नही. नजर लागस रे गाडीले." म्हणजे त्यांनी तो परत खाली, त्या दांड्यालाच बांधला होता. आणि वर, जरा अभिमानानेच, "दोरा सुरतना शे. तुटस नही."

तुटत नाहीच. सासरे जन्मभर लूमवर होते, त्यांच्या बॉबिनी अजून फळीवर आहेत. त्या दोऱ्याने गाडी धावेल तसा बूट करवतीसारखा कापला होता. मला सासूबाईंचा गळा धरावासा वाटला आणि पायही धरावेसे वाटले.

हे खालून सरपटत बाहेर आले. नाकावर ग्रीस, आणि हसत होते. कितीतरी दिवसांनी हसत होते. "म्हणजे माझा हात नव्हता! अगं, माझा हात नव्हता!"

त्या आनंदात मी चहा केला आणि कप काठोकाठ भरला. ह्यांनी दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडला. मी दुसरीकडे पाहिलं.

मग काम भराभर झालं. सांधा डिझेलने धुतला, मुठीने नवं ग्रीस भरलं, नवा बूट चढवला. उरली एक क्लिप. दांड्याच्या खाचेत बसते ती, बांगडीसारखी पण तुटकी. पक्कडीने फाकवायची, खाचेवर आणायची, सोडायची. ह्यांनी ती डोळे झाकून बसवलेली मी पाहिली आहे.

पक्कड दांड्याजवळ गेली आणि हात सुटला. क्लिप टिणकन फरशीवर पडली. मी उचलली, पुसली, दिली. पुन्हा पडली. पुन्हा दिली. ह्यांनी डाव्या हाताने उजवा दाबून धरला, ओठ चावला, श्वास रोखला. क्लिप मोटारीखाली घरंगळत गेली. पलीकडच्या गल्लीतल्या लूमची खटखट तेवढी चालू होती. मला ओरडावंसं वाटत होतं. आत्ताच तर सुटलो होतो ना?

मी क्लिप शोधून आणली तेव्हा ह्यांनी पक्कड माझ्यापुढे केली.

"तू लाव."

"मला नाही येत."

"मी सांगतो."

मी लावली. "फाकव. जरा आणखी. पुढे. आता सोड." टक असा आवाज आला. "बसली," ते म्हणाले. ग्रीस आता कुठूनही गळणार नव्हतं.

ह्यांनी चिंधीला हात पुसले, एकेक बोट करून. मग उंबऱ्याशी जाऊन आईसमोर खाली बसले.

"माय, तो दोरा शे का अजून?"

"शे ना. काब्र?"

ह्यांनी उजवा हात पुढे केला. "मन्हा हातले बांध."

सासूबाई उठल्या. फळीवरची बॉबिन काढली, दोरा तोडला, मनगटाभोवती घेतला. हात इतका हलत होता की गाठ बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. मी पुढे झाले, ग्रीसने भरलेल्या दोन्ही हातांनी ते मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, "आई, आता बांधा."