ताईची दहावी

ताई गेल्याचा निरोप घेऊन शेजारचे काका वॉर्डाच्या दारात आले, तेव्हा मी एका बाळंतिणीचा ताप लिहून ठेवत होते. तो आकडा मी पूर्ण लिहिला आणि मगच खुर्चीवर टेकले... याला आता सहा आठवडे झाले.

सुलभा माझी थोरली बहीण. गावी, तोंडवलीला आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ताई नववीत होती. तिने शाळा सोडली म्हणून माझी चालू राहिली. नर्सिंगच्या कोर्साला निदान दहावी पास लागे. मी पास झाले, नर्स झाले. पुढे ताई आमच्याच रुग्णालयात आया म्हणून लागली. वॉर्डात तिने मला 'सिस्टर' म्हणायचं, असं मीच तिला बजावलं होतं.

एकदा एका बाईच्या पोटाला हात लावून ती म्हणाली, "सिस्टर, पोर आडवा आसा." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला विचारलं का कुणी? जा, कपडे धू." तासाभराने डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ताई तेव्हा मागच्या नळावर कपडे धूत होती.

त्याच वर्षी तिने दहावीचा बाहेरून फॉर्म भरला. गणितात दोनदा गेली. तिसऱ्या खेपेला पास होऊन पेढे घेऊन आली. तेव्हा आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. "आता माका पण नर्सची टोपी मिळतली गो," ती म्हणाली. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

कोर्साला वयाची अट होती. ती ताईने वर्षभरापूर्वीच ओलांडली होती. मला ती अट पहिल्या परीक्षेच्या आधीपासून ठाऊक होती. तेव्हाच सांगितलं असतं, तर तिने रजा काढून, जिवाचं रान करून अभ्यास केला असता आणि वय उलटण्याआधी पास झाली असती. तिचं मन मोडू नये म्हणून मी गप्प राहिले, असं लोकांना सांगत आले... खरं म्हणजे टोपी घालून ती माझ्या शेजारी उभी राहायला मला नको होती.

कोर्साचा तिचा फॉर्म परत आला. "तुका म्हायत होता?" तिने विचारलं.

"होतं."

तिने फॉर्मची घडी घातली. त्या दिवसापासून घरीसुद्धा ती मला सिस्टरच म्हणू लागली. आईच्या तेराव्यालाही.

परवा एक शिकाऊ मुलगी पोट तपासण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून गरम करत होती. कोणी शिकवलं, म्हणून विचारलं.

"सुलभाताईन. थंड हात लागलो की बाई आखडता, म्हणायची."

मला ताईने हे कधीच सांगितलं नव्हतं.