लग्न थांबवणारी धवलारीण

भर मांडवात लग्न थांबवायची हिंमत आमच्या घरमालकीणबाईंमध्ये होती. कामोठ्यातल्या जुन्या आगरी घरच्या त्या धवलारीण, म्हणजे लग्नविधींना धवले गाणाऱ्या. त्यांच्या गाण्याशिवाय नवऱ्यामुलाला हळद लागायची नाही. आणि आय, त्यांना सगळे आयच म्हणत, ऐन गाण्यात उठायच्या. "थांबा जरा, मी जाऊन येते." वरमाई, करवल्या, बँजोवाले, सगळे गप्प उभे! एकदा नवऱ्यामुलाचा मामा कुरकुरला, तर आय म्हणाल्या, "लगीन पन्नास वरसं चालवायचं हाय, पाच मिनटांनी काय बिघडतं?"

सगळे हसायचे. मला मात्र हेवा वाटायचा. मी साताऱ्याकडची, त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत खिडकीवर बसणारी. दोन वर्षं ओटीपोटात दुखत होतं. मूत्राशय भरायला लागलं की अशी कळ यायची की समोरच्या माणसाचा उगाच राग यायचा. लघवीचे रिपोर्ट दरवेळी स्वच्छ, तरी गोळ्यांचे कोर्सवर कोर्स, आणि वर "टेन्शन घेऊ नका मॅडम" हे फुकटचं. नोकरी सोडायची वेळ आली होती. पण नवऱ्यालाही मी "पोट दुखतंय" एवढंच सांगितलेलं. लाज, दुसरं काय!

आयनी ओळखलं ते माझ्या पाण्याच्या बाटलीवरून. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच परत यायची. एकदा जिन्यातच अडवलं. "पानी का नाय पीत गो?"

"प्यायलं की जावं लागतं, आय. खिडकी सोडता येत नाही."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगो येडे! जायला नको म्हनून पानी तोडतेस? घट्ट लघवी त्या दुखऱ्या जागंला काय थंडावा देनार हाय? घोट घोट पीत रहा दिवसभर." मी आधी आजूबाजूला बघून घेतलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

त्यांना स्वतःला हेच दुखणं वीस वर्षं होतं. "इन्फेक्शन नाय, लघवीची पिशवीच चिडकी झालीय," असं त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. मलाही त्यांच्याकडेच धाडलं. "औषध त्यांचं, मी डॉक्टर नाय," हे बजावून मग स्वतःचं ज्ञान सुरू. दुखण्याला त्या नणंद म्हणत. "आली का तिच्याशी भांडू नको. गरम पान्याची पिशवी घे, पोट सैल सोड. चार दिवस राहील नि जाईल." आणि खाण्यातलं एकेकच बंद करून बघायचं. "सगलं एकदम सोडलंस तर चोर कोन ते कसं कलनार?" मला टोमॅटो आणि चहा नडतो असं निघालं. चहा सुटला त्या आठवड्यात नवऱ्याने जे सोसलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. आयच्या घरी सगळ्यांच्या ताटात लालभडक चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा रस्सा, यांच्या ताटात बिनतिखटाचा, नारळाच्या दुधातला. "माझी चिंबोरी गोरी हाय," असं म्हणत मजेत जेवायच्या.

तरी खिडकी होतीच. उठलं की रांग ओरडायची. शेवटी मी राजीनामा लिहिला आणि आयना सांगितलं.

"कारन काय लिवलंस?"

"घरगुती अडचण."

आय भडकल्याच. "मूत्राशय काय घरी ठेवून जातेस? खरं लिव, नायतर फाड तो कागद!"

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहून एका दमात दुखण्यापासून आयपर्यंत सगळं सांगून टाकलं. कान नुसते पेटले होते. साहेब फाइलीत बघत राहिले. मग म्हणाले, "दर तासाला खिडकीवर बदली माणूस देतो." आणि आवाज खाली आणून, "त्या बाईंचा नंबर मिळेल का? आमच्या हिलाही असंच होतं." राजीनामा मी तिथंच फाडला. दुखणं गेलं नाही, अजून येतं. पण नोकरी आहे, आणि मी चिडचिड कमी करते असं नवरा म्हणतो.

साहेबांच्या बायकोने नंबर बहिणीला दिला, तिने आणखी कुणाला. आय सगळ्यांशी फोनवर तासन्‌तास बोलायच्या. बहुतेकींना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

गेल्या वर्षी आय झोपेतच गेल्या. तेराव्याला बारा-पंधरा अनोळखी बायका दारात आल्या. मोरा गावात दिलेली आयची लेक पुढे झाली. "तुमी आयच्या कोन?" सगळ्या खाली बघायला लागल्या. ओटीवरचे पुरुष वळून बघू लागले. मला रडू येत होतं आणि त्या गप्प बसण्याचा संतापही. मी मोठ्यांदा म्हणाले, "आमच्या सगळ्यांच्या मूत्राशयात दुखतं. आयनी आम्हाला त्यासकट जगायला शिकवलं."

मग लेकीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग अशा उभ्या काय राहिल्यात? बाथरूम मागं डाव्या हाताला हाय. आधी जाऊन या, मग बसा."

त्या दुखवट्याच्या घरात आम्ही सगळ्या जणी हसत हसत रांगेत उभ्या राहिलो.