पहिली धार

वाडीतल्या बायका मला अजून विचारतात, काय गो, रत्नागिरीत कॉकटेल कुठं चांगलं मिळतं, आम्हाला पण ने एकदा. आणि हसतात. बचतगटाची मीटिंग असली की हमखास. मी पण हसते, काय करणार. पण एकदा लिहूनच टाकते काय झालं ते, निदान अर्धं तरी कुणी खोटं सांगायला नको.

हातखंब्याला हायवेवर मिळतं म्हणतात, तिथं पाटीवर फॅमिली रूम लिहिलेलं असतं, म्हणजे पडद्यामागं बायकांना बसवतात. तिथं मी गेले नाय. मी गेले ते मांडवीला, वर गच्ची असलेल्या हॉटेलात, समोर सगळा समुद्र.

पोरगी पाच महिन्यांची होती. नवरा मुंबईला कंपनीत, तो शिमग्याला आठ दिवस आलेला, बरोबर त्याचा मित्र नि मित्राची बायको, पालखी नाचवतात ती बघायला. त्या बाईनंच विषय काढला, तुमच्या रत्नागिरीत संध्याकाळी बसायला काही आहे की नाही. ते ह्यांना लागलं. म्हणाले, आहे तर, दाखवतोच. मला म्हणाले, तू पण चल. दवाखाना सोडला तर बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच बाहेर पडत होते. सासू म्हणाली, जा, पोरीला मी बघते, पण दिवेलागणीला घरात पायजेस. मी पोरीला दोन्हीकडचं पाजून निघाले, मागं बघितलं नाय, बघितलं असतं तर गेलेच नसते.

तिथं कार्ड दिलं ते सगळं इंग्रजीत. मी आठवीपर्यंतची. अक्षरं येतात, पण जोडून वाचायला वेळ लागतो, नि मित्राची बायको भराभर बोट फिरवत होती, हे नको, ते गोड असतं, ते मागच्या वेळी घेतलेलं. आता माझ्यावर येणार, आता मला विचारणार. तेवढ्यात मला एक शब्द लागला. के, ओ, के, यू, एम. कोकम. पुढं अजून एक शब्द होता, तो वाचायला मी थांबलेच नाय. आमच्या घरी आगळाच्या, कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटल्या भरलेल्या असतात, कोकम म्हणजे सरबतच, अजून काय असणार. मी बोट ठेवलं. वेटरनं विचारलंन, रेग्युलर की मॉकटेल? मला वाटलं साधं की स्पेशल विचारतोय. म्हटलं, साधंच, रेग्युलर.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हे मला नक्की आठवतंय, कारण मी त्यांच्याकडंच बघत होते, बरोबर बोलले का म्हणून. नि हे हसले. मला वाटलं शाबासकी.

गिलासाच्या कडेला मीठ नि तिखट लावलेलं. घशातून जळत गेलं, म्हटलं तिखटानं जळतंय. खोटं कशाला सांगू, चांगलं लागलं. वारा होता, कुणी रडत नव्हतं, मांडीवर कुणी नव्हतं. मी सगळं प्याले, तळाचा बर्फ पण चघळला.

मग मित्राच्या बायकोनं विचारलंन, वहिनी, तुम्ही अंगावर पाजता ना अजून, मग हे चालतं तुम्हाला? मी म्हटलं, कोकमाला काय होतंय, उलट पित्ताला बरं. तिनं ह्यांच्याकडं बघितलंन. हे मात्र हसायला लागले.

"कोकमाला काय नाय होत," म्हणाले, "आत वोडका आहे, तिचं बघ."

मी म्हटलं तुम्हाला माहीत होतं, तर म्हणाले एका गिलासानं काय मरत नाय कोण, तोंड नीट कर, लोक आलेत बरोबर. मग त्यांचं जेवण झालं, मी नुसती बसले. गाडीवर मागं बसले तेव्हा अंधार झालेला नि दूध भरून आलेलं, ब्लाउज भिजला, पदर घट्ट धरला, नि डोक्यात एकच, हे आता तिच्या पोटात जाणार.

पाखाडीच्या पायऱ्या चढतानाच रडणं ऐकू आलं. सासू ओटीवर पोरीला घेऊन फेऱ्या मारत होती.

"पाय धू, पहिली धार काढून टाक नि घे हिला. कधीची कोकलताय."

बाई बाहेरून दमून-तापून आली की अंगातलं दूध पण तापतं म्हणतात, म्हणून आधी थोडं पिळून टाकायचं नि मग पाजायचं, अशी आमच्याकडं रीत. मी न्हाणीत गेले. पहिली धार काढली. मग म्हटलं एका धारेनं काय होणार, अजून काढली, मग दुसरीकडचं. किती काढलं म्हणजे ते जातं, कुणाला विचारणार. दुखायला लागलं तरी पिळतेय, बाहेर पोरगी रडतेय, आत मी. शेवटी सासू दाराशी आली.

"पहिली धार म्हटला मी. सगळा नाय काढायचा."

दार उघडलं तशी ती जवळ आली नि थांबली. तिला वास आला. वळून मुलाला विचारलंन, हिला काय पाजलंस तू?

"मी कशाला पाजतोय. तिनंच मागवलंन, कार्डावर बोट ठेवून," हे म्हणाले. नि मित्राकडं बघून, "पहिल्या धारेची पायजे होती तिला."

गावठी दारू गाळतात तिची पहिली धार सगळ्यात कडक, त्यावरनं हा जोक. मित्र हसला. तोच जोक वाडीभर गेला.

मी घरामागच्या परड्यात जाऊन आरोग्य केंद्राच्या आशाताईला फोन लावला. म्हटलं, एका बाईचं विचारायचं होतं. ती म्हणाली, तुझंच ना, किती प्यालीस? एक गिलास म्हटलं. ती म्हणाली पिळून जात नाय ते, वेळानं आपोआप जातं, तीन तास थांब नि मग पाज, घाबरू नको. आत आले तर सासू गाईचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजत होती, ती चोचीची वाटी असते ना, तिनं. पोरीनं आधी थुंकून टाकलंन. मग प्याली.

तीन तास मी घड्याळासमोर बसले. मग हात पुढं केले तर सासू म्हणाली, निजलीय ती, राहू दे. सकाळी म्हणाली, अंगातनं पुरतं जाऊ दे. मी आशाताईचं सांगितलं, तर म्हणाली तिला काय जातंय सांगायला. दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी पण. मी भांडायला पायजे होतं. पण मलाच आतून वाटायचं, कार्ड नीट वाचलं असतं तर. हे रविवारी मुंबईला गेले, जाताना पोरीचा फोटो काढून घेतलानी, माझ्याशी धड बोलले नाय.

पाचव्या दिवशी सासू काजीच्या बिया गोळा करायला गेली तेव्हा मी पोरीला अंगावर घेतलं. तिनं दोनदा ओढलंन नि तोंड फिरवलंन. परत लावलं, परत फिरवलंन. दूध आटलेलं, येतच नव्हतं काय, ओढणार तरी किती. ती रडून रडून लाल झाली नि मी तरी सोडेना, तेवढ्यात सासू आली. मला वाटलं आता ओरडणार. ती ओरडली नाय. दूध कोमट करून आणलंन, बोंडलं माझ्या हातात दिलंन.

"घे, तूच पाज. तुझ्याच हातानं पिऊ दे."

मी पाजलं. पोरगी गटागट प्याली, माझं बोट धरून. मला तिचा राग आला, पाच महिन्यांच्या पोरीचा. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी.