डोमकावळ्यांचं वैर

किन्हवलीच्या आजूबाजूच्या गावांत वीज गेली की लोक आधी वाल्मिकच्या घरी माणूस धाडत, तक्रार मागाहून. वाल्मिक ठेकेदाराकडचा वायरमन. चाळिशीला आलेला, काटक, बोलायला कमी. खांबावर चढायला त्याला शिडी लागायची नाही आणि चिखलाच्या शेतातून आडवं जायला दिवसाचा उजेडही लागायचा नाही, इतका तो कामाला पक्का. घरी म्हातारी आई सकुबाई, बायको चंदा आणि खाण्यापुरतं भाताचं शेत.

सकुबाईचा एक नेम होता. सकाळी पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा तुकडा ती अंगणातल्या दगडावर ठेवायची. तेवढ्यात डोमकावळ्यांची एक जोडी खाली यायची. गावकावळ्याची मान राखाडी असते, हे नखशिखांत काळे, चोच जाड, आवाज घशाच्या तळातून आल्यासारखा. गावकावळे लांबूनच कालवा करत, पण ही जोडी सकुबाईच्या पायाशी येऊन उभी राहायची.

जोडीचं बिऱ्हाड पूर्वी कोंडू पाटलाच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडावर होतं. रस्ता रुंद करताना ऐन गेला. मग त्या चैत्रात कावळ्यांनी गावाच्या तोंडाशी असलेल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, घरटं केलं. काटक्या थोड्या आणि तारेचे तुकडेच जास्त. दोन तारांना तुकडा शिवला की फट्‌ आवाज व्हायचा, पंखे थांबायचे, पाण्याची मोटर बंद पडायची. लोक कावले. ठेकेदाराचा फोन आला की आजच्या आज घरटं काढ.

वाल्मिकनं अशी घरटी पुष्कळ काढली होती. त्यानं लाइन बंद केली, वर चढला आणि आकड्यानं घरटं ओढलं. आत पिल्लं आहेत हे त्याला ते कलंडल्यावर कळलं. एक फुफाट्यात आपटलं ते हललंच नाही. दुसरं लाल तोंड उघडून धडपडत होतं, पंखांच्या जागी नुसत्या काळ्या काड्या. वाल्मिकनं ते उचललं, जरा वेळ तळहातावर धरलं आणि जवळच्या करवंदीच्या जाळीत ठेवलं. तेवढा वेळ नर आणि मादी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. दुपारी तो परत डोकावला तर जाळी रिकामी होती. मांजरानं नेलं असावं.

दुसऱ्या दिवशी तो सायकल घेऊन निघाला आणि डीपीपाशी मागून डोक्यात काहीतरी आदळलं. हात लावला तर बोटांना रक्त. वळून बघतो तर कावळा समोरच्या तारेवर, मान तिरकी करून त्याच्याकडेच बघतोय.

त्या दिवसापासून वाल्मिकचं घराबाहेर पडणं अवघड झालं. रस्त्यानं बाया जात, पोरं जात, त्यांच्याकडे कावळे ढुंकूनही बघत नसत. वाल्मिक दिसला की वरून हाक सुटायची, दोन आखूड आणि एक लांबवलेली. ती ऐकून तिसरा, चौथा कावळा यायचा. ज्यांनी घरटं पडताना पाहिलंही नव्हतं तेही त्याच्यावर झेपावू लागले. त्यानं सदरा बदलला. चंदाची शाल डोक्यावरून घेतली. बांधाबांधानं लांबच्या वाटेनं गेला. काही उपयोग झाला नाही. मोटरसायकलचं हेल्मेट घातलं तेव्हा मात्र कावळे गप्प बसले. मग वाल्मिक पाणी शेंदायलाही हेल्मेट घालून जाऊ लागला आणि लोक तोंडावर हसू लागले.

हसण्याचं पुढे दुसरंच झालं. वाल्मिकचा बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता. बापाची काहीतरी इच्छा राहिली आहे आणि तोच कावळ्याच्या रूपानं लेकाच्या मागे लागला आहे, अशी कुजबुज सुरू झाली. वाल्मिक सांगायचा की मी घरटं पाडलं म्हणून ते चिडलेत. लोक मान हलवायचे. पाखरू एवढं लक्षात ठेवतं होय, म्हणायचे.

पावसाळा तोंडावर आला असताना तो एका खांबावर जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बांधत होता. कमरेला पट्टा नव्हता. ठेकेदार तो देतो म्हणत होता, एवढंच. हेल्मेटमुळे वर मान करता येईना म्हणून त्यानं ते काढून खाली ठेवलेलं. हाक त्याला ऐकू आली होती. पण हातातली गाठ अर्धी होती. कावळ्याची चोच कानामागे बसली, वाल्मिकचा हात सुटला आणि तो बांधावर डाव्या खांद्यावर पडला.

शहापूरच्या दवाखान्यात हाड बसवलं, ते नीट बसलं नाही. खांदा कायमचा खाली झुकला, हात डोक्याच्या वर जाईना. ठेकेदारानं बरा झालास की ये म्हणून सांगितलं आणि त्याच्या जागी शेजारच्या गावच्या अनिलला घेतलं.

आता वाल्मिक दिवसभर ओटीवर बसून असायचा आणि समोर अंगणात ती जोडी. आईच्या पायाशी भाकरी खायची, त्यानं जरा मान पुढे काढली की तीच हाक द्यायची. आपल्या घरात आपण चोर झालो, असं त्याला वाटायचं. हेल्मेटही आता चालेना. झुकलेला खांदा कावळ्यांनी हेरला होता. तोंड झाकलेलं असलं तरी चालीवरून ते त्याला ओळखत.

एका दुपारी आई झोपलेली बघून त्यानं उंदराचं औषध भातात कालवलं आणि गोळा दगडावर ठेवून दाराआड उभा राहिला. मादी खाली आली. तिनं गोळ्याभोवती एक फेरी घातली. चोचीनं तो उलटा केला, एक शीत उचललं, टाकून दिलं आणि चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसली. मग दाराच्या फटीकडे बघून ती उडाली. वाल्मिक गोळा उचलायला बाहेर येईपर्यंत सकुबाईच्या दोन कोंबड्या त्यावर तुटून पडल्या होत्या. संध्याकाळच्या आत दोन्ही मेल्या.

सकुबाईनं कोंबड्या परसात पुरल्या. रडली नाही, ओरडली नाही. हात धुऊन ती लेकासमोर येऊन बसली.

"भात तू ठेवलास?"

"हा."

"त्यांनी खाल्ला नाय."

"नाय."

"खाणार बी नाय. त्यांनी तुला वलाखलंय पोरा. आता नाय खाणार, आन् मी मेल्यावर दहाव्याला तू भात ठेवशील तवा बी नाय खाणार." तिनं ओले हात पदराला पुसले. "मी अशीच लोंबकळत ऱ्हायची."

खांदा मोडला तेव्हा वाल्मिक कण्हला नव्हता, त्या दिवशी मात्र पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बापाच्या कुजबुजीचं त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. हे मात्र त्याच्या आत जाऊन बसलं, कारण यात कावळ्यांचं काही चुकत नव्हतं. मादीनं त्या फटीकडे पाहिलं होतं. तिला कळलं होतं.

मग तो त्यांना बघू लागला. आधी रागानं, मग राग विसरून. वाळकी भाकरी नर कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात बुडवायचा, मऊ होईतो थांबायचा आणि मगच मादीला द्यायचा. मादी उरलेला तुकडा कौलाखाली लपवायची. पण कुणी गावकावळा बघत असला तर नुसती चोच खुपसून लपवल्याचं सोंग करायची आणि तुकडा तोंडातच घेऊन जायची. शेतातला खेकडा उचलून नर डांबरी रस्त्यावर उंचावरून टाकायचा. हाकाही त्याला कळू लागल्या. घारीला एक, मांजराला एक, सापाला घोगरी, अडखळती. दोघंच जवळ बसली की घशातल्या घशात गुळण्या केल्यासारखं काही बोलायची. आणि एक हाक त्याची एकट्याची. गावात आणखी कुणासाठी ती निघत नव्हती. चंदाला त्यानं एकदा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा खांदा मोडला त्यांनी, आन् तुमी कवतिक करता?" पण कौतुक वाटत होतं हे खरं.

पुढच्या चैत्रात जोडीनं पुन्हा त्याच डीपीवर घरटं बांधलं. आसपास उंच झाड उरलंच नव्हतं. वीज पुन्हा जाऊ लागली आणि एका सकाळी अनिल आकडा घेऊन आला. वाल्मिक हातात प्लॅस्टिकच्या पाइपचे, उभे चिरलेले तुकडे घेऊन त्याच्या आधी तिथं जाऊन उभा होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

त्यानं अनिलला सांगितलं की घरट्याजवळच्या तारांवर हे तुकडे चढव, वरून बांध. मग घरट्यातला तारेचा तुकडा शिवला तरी तार तारेला लागणार नाही. घरटं राहू दे. अनिलला पटलं, पण त्याची नजर वर होती.

"दादा, काम मोठं हाय. तवर ते मला सोडतील का? तुमची गत बघितलीय मी."

"तुला ते वलाखत नाय. मी हितं खाली उभा ऱ्हातो."

लाइन बंद करून अनिल चढला. कावळे उठले, एकदा त्याच्या जवळून गेले, आणि मग खाली उघड्या डोक्यानं उभा असलेला वाल्मिक त्यांना दिसला. ती हाक सुटली. दोघंही अनिलला सोडून वाल्मिकवर आली. त्यांच्या मागोमाग आणखी चार-पाच. वाल्मिकनं उजवा हात डोळ्यांवर धरला आणि जागचा हलला नाही. चोची बसत होत्या, पंखांचे फटके बसत होते. एकदा तो गुडघ्यावर आला, पुन्हा उभा राहिला. वर अनिल एकेक तुकडा चढवून बांधत होता आणि त्याच्याकडे एकही कावळा फिरकला नाही. उतरल्यावर त्यानं वाल्मिकचं डोकं आपल्या रुमालानं बांधलं आणि त्याला घरापर्यंत पोचवलं.

वीज पुन्हा त्या घरट्यापायी गेली नाही. वैशाखाच्या शेवटी तीन पिल्लं उडाली. कावळ्यांना काय माहीत घरटं कुणामुळे राहिलं? त्यांनी आपल्या पोरांनाही वाल्मिक दाखवला. बारीक, फाटक्या आवाजातली तीच हाक आता कुंपणावरून येऊ लागली.

वाल्मिक खांबावर पुन्हा चढला नाही. घरांतली फिटिंगची, जमिनीवरून होणारी कामं तो घेऊ लागला. त्याची बहीण भूमिका मुरबाडपलीकडच्या वैशाखरे गावी दिलेली; गणपतीनंतर तिच्या घराची वायरिंग करायला तो तिकडे जाऊन राहिला. पहिल्या सकाळी अंगणात पाऊल टाकताना त्याची मान आपोआप खांद्यात गेली. वर सागावर डोमकावळा होता. त्यानं वाल्मिककडे पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. वाल्मिक पायरीवर बसला, भूमिकेनं दिलेली भाकरी मोडू लागला. थोड्या वेळानं कावळा खाली आला, हाताच्या अंतरावर पडलेला तुकडा उचलून तिथेच खाऊ लागला. वाल्मिकनं श्वास रोखून धरला होता. भूमिका दारात आली तर तिला दिसलं, दादाच्या डोळ्यांत पाणी आहे. काय झालं म्हणून तिनं विचारलं तर तो म्हणाला की काही नाही, पुष्कळ दिवसांनी उघड्यावर जेवतोय.

काम आटपल्यावर मुरबाडला गाडी बदलून तो परतला. फाट्यावर उतरला तोच डीपीवरून हाका सुरू झाल्या, जुन्या आणि नव्या. तो डोक्यावर पिशवी धरून घरी आला.

जेवताना सकुबाईनं लेकीची चौकशी केली. घर कसं आहे, भात कसा आहे विचारलं. वाल्मिकनं सगळं सांगितलं आणि शेवटी तिथला कावळाही सांगितला. त्याच्या हातची भाकरी त्यानं कशी खाल्ली तेही.

सकुबाईचा घास हातात राहिला.

"मंग माजं दहावं वैशाखऱ्यालाच कर," ती म्हणाली.

चंदाला वाटलं सासू थट्टा करते आहे, म्हणून ती हसली. सकुबाई हसत नव्हती. वाल्मिकनं मान हलवली आणि झुकल्या खांद्यानं ताटावर वाकून तो जेवत राहिला.