आभार संपेपर्यंत

सभा संपत आली, की देवरेसाहेब सभेला जायचे. भाषण आटोपून लोक चपला शोधायला लागत, तेव्हा हे खुर्ची ओढून बसणार, ते फक्त आभारप्रदर्शन ऐकायला. भाषणात माणूस जपून बोलतो, आभारात सांडतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांची ज्युनियर. माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे, पण उठायची सोय नव्हती.

साहेब नाशिकच्या कोर्टात सरकारी वकील, मूळ नामपूरचे. डब्यात एक पोळी जास्त दिसली, तरी झाकण हातात धरून अहिराणीत म्हणायचे, "यामा काहीतरी शे." म्हणजे यात काहीतरी आहे. वहिनींवर कसला संशय घेता, म्हणून मी चिडायचे. संध्याकाळी कळायचं, वहिनी माहेरी गेल्यात आणि डबा दोन वेळचा होता.

नव्वदच्या दशकात नाशिकरोडला रशीदभाईंचं सायकलचं दुकान जाळलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या चौकात बाहेरगावच्या एका पुढाऱ्याने त्यांच्या जमातीबद्दल गरळ ओकली होती. जाळणारी पोरं सापडली, पुढारी मोकळा. रशीदभाईंचं मागणं एकच: ज्याने चिथावलं, तोही पिंजऱ्यात उभा राहिला पाहिजे.

साहेबांनी आधी त्यांनाच उलटसुलट विचारून घाम फोडला. मग समजावलं. द्वेषाच्या भाषणाचा गुन्हा वेगळा, जाळपोळीचा वेगळा. भाषणावर खटला चालवायला सरकारची परवानगी लागते, आणि ती काही केल्या येत नव्हती. जाळपोळीत धरावं, तर अख्ख्या भाषणात 'जाळा' असं कुठे म्हटलेलंच नाही. महा बेरकी माणूस!

"तोंड वाईट आहे म्हणून आगीत धरता येत नाही," साहेब म्हणाले. "हात दाखवावा लागेल."

पोलिसांकडे सभेची कॅसेट होती. त्यांनी भाषण शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं होतं, पण टाळ्यांपाशी थांबले होते. साहेबांनी भर कोर्टात कॅसेट पुढे चालवायला लावली. हार कोणाचे, खुर्च्या कोणाच्या, सगळं आलं. कोणाचं नाव राहिलं तर तो रुसेल ना! मग आयोजकाने त्याच दमात, पाहुण्यांनी सकाळी सांगताच कॅन भरून रॉकेल आणून देणाऱ्या अण्णांचेही मनापासून आभार मानले. सभा तर विजेच्या दिव्यांखाली झालेली, मग रॉकेल कशाला? अण्णांना साक्षीला बोलावलं, पुढाऱ्याच्या सांगण्यावरून कॅन त्या पोरांच्या हाती दिला, हे त्यांनी घडाघडा सांगितलं. पुढारी जाळपोळीच्या कटात आरोपी झाला, त्याला शिक्षाही झाली. भाषणाच्या खटल्याची परवानगी मात्र शेवटपर्यंत आली नाही, याची मला अजून चीड येते.

काही वर्षांनी साहेब गेले. बाररूममध्ये शोकसभा झाली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून लोक पांगले, रशीदभाई मात्र पुन्हा खुर्चीत बसले. सभा संपली, असं मी जवळ जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, अगदी साहेबांसारखं.

"आभार राहिले ना, मॅडम?"

शोकसभेत आभार मानत नाहीत, हे मला सांगवेना. मी माइक पुन्हा सुरू करायला लावला, त्यांच्या हाती दिला, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.