दोन ओहमच्या खाली नाही

बानी गावात दुधाच्या वड्या करणाऱ्या बायका पैशाला पासरी. गाडीच्या डिकीत सबवूफर, म्हणजे ठोक्यांचे मोठे स्पीकर, बसवणारी बाई मात्र एकच, मिरेया. तीही आधी वड्याच करायची. सबवूफर हा तिच्या नवऱ्याचा, तिर्सोचा प्रांत. तिर्सोनं जोडलेली गाडी गल्लीतून गेली की घरांच्या पत्र्यांना कापरं भरायचं आणि पोरीबाळी अंगणातच कंबर हलवायला लागायच्या.

मग सालिनासच्या किनाऱ्यावरची ती स्पर्धा आली. सगळ्यांत मोठा आवाज कुणाच्या गाडीचा, एवढीच तिथं चुरस. तिर्सोनं आवाज वाढवायच्या नादात आपल्या व्हॅनमधल्या ॲम्पवर, म्हणजे सबवूफरला ताकद देणाऱ्या डब्यावर, त्याला झेपणार नाही एवढा भार टाकला. फ्यूज उडायला लागला, तर त्याला सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला. फ्यूज उडायचा थांबला आणि तार पेटली. व्हॅनमध्ये माणूस नव्हतं, पण तिर्सो ॲम्प वाचवायला आत घुसला आणि दोन्ही हात भाजून घेऊन बाहेर आला.

कातडी भरून आली, बोटं मात्र वळेनात. बारीक स्क्रू धरता येईना, तार सोलता येईना. हत्यारांच्या पेटीवर त्यानं जुनी चादर टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानासमोर डॉमिनो खेळत बसायला लागला. घरी आला तरी बोलेना. ज्या घरात भांड्यांनाही ताल असायचा, तिथं उकळत्या दुधाचा आवाज ऐकू यायला लागला.

दोन वर्षं मिरेयानं हे सोसलं. एका सकाळी तिनं दुधाखालचा गॅस बंद केला, पेटीवरची चादर ओढून काढली आणि वीज मोजायचं मीटर घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"ह्याच्या दोन सुया कुठं लावायच्या ते सांग."

"तुला काय करायचंय?"

"तुझे हात कशानं नेले, ते मला कळायला हवं."

तिर्सोनं मीटरकडे पाहिलं. मग त्यानं मानेनं वर खूण केली. "छपरावरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप आहे ना? त्याला एक बारीक नळ दिला, तर तो आरामात चालतो. चार नळ एकदम उघडे टाकले, तर बिचारा धावून धावून मरतो. ॲम्प म्हणजे पंप. ओहम जितके कमी, तितकी वाट मोकळी. किती मोकळी चालेल ते ॲम्पवर लिहिलेलं असतं. माझ्या ॲम्पवर लिहिलं होतं दोन. मी दिला अर्धा."

"का दिलास?"

"आवाज मोठा येतो म्हणून," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसल्यासारखं त्याचं तोंड हललं.

त्या दिवशी वड्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मिरेयानं विचारलं, फ्यूज बॅटरीजवळच का लावायचा. तिसऱ्या दिवशी, अर्थिंगची तार रंगावर का नाही चालत, रंग खरवडून कोऱ्या पत्र्यालाच का लावायची. तिर्सो खुर्चीत बसून सांगायचा, ती करायची. चुकली की तो खेकसायचा, आणि तो खेकसतोय याचाच तिला आनंद व्हायचा. वर्षभरात तिनं चुलतभावाची टॅक्सी जोडली, मग त्याच्या मित्राची, मग तिर्सोच्या बंद गॅरेजचं दार कायमचं उघडं राहायला लागलं.

गावानं थट्टा केली नाही असं नाही. डॉमिनोवाले ओरडायचे, "काय गं मिरेया, वड्या करपल्या म्हणून इकडं वळलीस?"

"वडी करपली तर वडी जाते," ती हात न थांबवता म्हणायची. "इथं करपलं तर गाडी जाते. तुझी आणून देतोस का?"

तिर्सो सगळं सांगायचा, पण एक गोष्ट करायचा नाही. गाडी सुरू करून आवाज चढवायची वेळ आली की तो उठून परसात जायचा. मिरेयानंही त्याला कधी अडवलं नाही.

अशात विल्किन आला. पलीकडच्या गल्लीतला, तिशीचा, पिकअपमधून आंबे विकणारा. त्याचा गळा बसला तरी त्याच्या गाडीचा बसायचा नाही. त्याला सालिनासच्या स्पर्धेत उतरायचं होतं. दोन नवे सबवूफर घेऊन आला होता, प्रत्येकात दोन-दोन ओहमच्या दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी.

"वहिनी, चारीच्या चारी शेजारी-शेजारी जोड. कसा धमाका होतो बघ!"

"धमाकाच होईल. मग सगळं मिळून अर्धा ओहम भरेल, आणि तुझा ॲम्प दोनच्या खाली जाणारा नाही." तिनं सबवूफर उलटा केला. "हे बघ, एकाच्या दोन्ही कॉइल एकापुढे एक, म्हणजे चार. दुसऱ्याच्याही तशाच, चार. मग हे दोघं शेजारी-शेजारी, म्हणजे दोन. ॲम्पला हवे तेवढेच."

"थोडं कमी चालतं गं, सगळेच करतात."

"सगळ्यांकडे जा मग."

विल्किन चुळबुळला, पण गाडी तिथंच ठेवली. मिरेयानं जोडून दिलं आणि मीटर त्याच्या नाकासमोर धरलं. काटा दोनच्या किंचित खाली थांबला; आवाज बंद असताना कॉइल लिहिल्यापेक्षा थोडी कमीच भरते, म्हणून तसाच तो थांबायला हवा होता.

स्पर्धेच्या रविवारी तिर्सो म्हणाला, "मीपण येतो. तळलेला मासा बरा मिळतो तिथं." मिरेयानं त्याची टोपी आणून दिली. किनाऱ्यावर तो गाड्यांपासून लांब, झाडाखाली बसला, पाठ समुद्राकडे आणि तोंड ताटलीकडे.

विल्किनची पाळी आली. पहिल्या काही ठोक्यांनाच मिरेयाच्या कपाळाला आठी पडली. आवाज तिनं जोडून दिला त्यापेक्षा मोठा होता, आणि फाटत होता. ती वळते न वळते तोच तिच्या बाजूनं कुणीतरी वाऱ्यासारखं धावत गेलं. मागं वाळूत माशाची ताटली उलटी पडली होती.

"चावी काढ!" तिर्सो ओरडत होता. "विल्क्या, गाडी बंद कर आधी!"

उघड्या बॉनेटखाली जाड तारेचं रबर मऊ पडून धुरावत होतं. विल्किननं घाबरून चावी फिरवली. तिर्सोनं बॅटरीच्या उणे टोकावरचा हातानं फिरवायचा दोन पाकळ्यांचा नट दोन तळव्यांमध्ये धरला, रवीसारखा घुसळला आणि तार उपटून बाजूला केली. धूर विरला. मग मात्र तो चाकाला टेकून खाली बसला.

मिरेयानं सबवूफरच्या खोक्याचं झाकण काढलं. चारी कॉइल शेजारी-शेजारी. फ्यूजच्या जागी दुपटीचा फ्यूज.

"हा कुणी घातला?"

"काल मीच बदललं, वहिनी," विल्किन मान खाली घालून म्हणाला. "फ्यूज सारखा उडत होता."

मिरेयाच्या तोंडी आलेली शिवी तिथंच राहिली, कारण खाली बसलेल्या तिर्सोनं दोन्ही हात पुढं केले होते.

"माझाही उडत होता," तो म्हणाला.

विल्किननं ते हात आधीही शंभरदा पाहिले असतील. आता त्याला त्यांच्याकडे बघवेना. तो तिर्सोशेजारी वाळूत बसला आणि डोळे पुसायला लागला.

"रडतोस काय, ऊठ!" मिरेया म्हणाली. "मासेवालीचा पंखा मागून आण. ॲम्प तापलाय, मेला नाही."

पंच भला माणूस. त्यानं विल्किनला शेवटची पाळी दिली. पंख्यासमोर ॲम्प निवाला; मिरेयानं तार बदलली, कॉइल पुन्हा जोडल्या, मीटर लावून खात्री केली, योग्य फ्यूज बसवला. राहिला ॲम्पवरचा बारीक स्क्रू, आवाजाची मर्यादा ठरवणारा. ती पेचकस उचलणार तेवढ्यात तिर्सो म्हणाला, "दे इकडं."

त्यानं पेचकस दोन तळव्यांत धरला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदाही निसटला. मिरेयानं आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. तिसऱ्यांदा पेचकस खाचेत बसला, विल्किननं गाणं लावलं, आणि तिर्सो डोळे मिटून, ऐकत, केसभर फिरवत गेला. आवाज भरत गेला, गोल होत गेला, आणि फाटायच्या अलीकडे तो थांबला.

"बस," तो म्हणाला. "एवढंच ह्याचं पोट."

विल्किनला बक्षीस मिळालं नाही, चौथा आला. पण बक्षिसं वाटून झाल्यावरही त्याची गाडी वाजत राहिली, लोक तिच्याभोवती नाचत राहिले आणि टोपल्यातले आंबे बघता बघता संपले. मिरेयानं नवऱ्याला नाचायला ओढलं. "मासा सांडलाय माझा," तो कुरकुरला, पण गेला.

त्यानंतर तो परसात गेला नाही. आता शनिवारी गॅरेजसमोर गाड्यांची रांग असते आणि मालकाच्या हातात आधी मीटर दिलं जातं. मोजायला शिकल्याशिवाय तिर्सो गाडी सोडत नाही. विल्किन तर येईल त्याला पंपाची गोष्ट सांगतो, स्वतःच शोधल्यासारखी.

गेल्या महिन्यात तिर्सोनं एक पोचे पडलेली जुनी व्हॅन दोरीनं ओढून आणली.

"हे काय भंगार?" मिरेया म्हणाली.

"पुढच्या वर्षी सालिनासला आपण उतरायचं. तुझ्या नावानं."

मिरेयानं व्हॅनला एक फेरी मारली, गंजलेल्या पत्र्यावर नख ओढलं आणि मागचं दार उघडून आत वाकली. "खोकं मी म्हणेन तेवढंच मोठं," ती आतूनच म्हणाली.

"ते बघू," तिर्सो म्हणाला, आणि दोघांचं भांडण दुपारच्या जेवणापर्यंत चाललं.